ठिय्यावरचा फोटो

नागपुरातल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत नागसेन गजभियेचं नाव निघालं की कोणीतरी हटकून पोलीस ठाण्याची गोष्ट काढायचंच. महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांनी रस्त्याकडेच्या टपऱ्या पाडल्या, त्या दिवशी एका पोलीस साहेबानं नागसेनच्या छातीला काठी टेकवली आणि काढलेले फोटो पुसून टाकायला सांगितलं. नागसेन जागचा हलला नाही. "साहेब, रस्ता सार्वजनिक आहे. इथं फोटो काढाले मनाई आहे असा एखादा बोर्ड तरी दाखवा," म्हणाला. त्याला दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. बाहेर पत्रकार जमले, एक वकीलबाई आल्या, आणि संध्याकाळी कॅमेरा फोटोंसकट त्याच्या हातात परत आला.

तेव्हापासून कोणाही फोटोग्राफरला कुठं अडवलं की पहिला फोन नागसेनला. तोही गाडी काढून धावायचा. कायद्यातलं त्याला पाठ झालं होतं. पत्रकारितेच्या पोरांपुढं बोलायला उभा राहिला की शेवटी ठासून सांगायचा, "सार्वजनिक जागेत जे डोळ्याले दिसते, ते कॅमेऱ्याले दिसू शकते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही." पोरं टाळ्या वाजवायची. त्यात खोटं काही नव्हतं.

प्रताप नगरकडच्या ठिय्यावर तो गेला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. ठिय्या म्हणजे रोजंदारीवाले सकाळी जिथं कामाची वाट पाहत उभे राहतात ती जागा. बांधकामं थंडावली होती आणि संपादकांना त्यावर पान हवं होतं. रस्त्याच्या कडेला पन्नासेक माणसं होती. कोणाकडे रंगाचा डबा, कोणाकडे घमेलं, थापी. एखादी कार थांबली की सगळे तिच्याकडे धावत. नागसेननं बरेच फोटो काढले, पण मनासारखा एकही निघेना. असे फोटो दरवर्षीच छापून येतात.

मग त्याला तो माणूस दिसला. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा फिक्का शर्ट, खिशाला पेन, हातात जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी. गाडी आली की इतर धावत, हा मात्र एक पाऊल पुढं टाकून थांबे. नागसेननं कॅमेरा उचलला. माणसाचं लक्ष गेलं. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "मी नाही, भाऊ. मी यातला नाही."

असं तर सगळेच म्हणतात. नागसेनचं बोट थांबलं नाही. उचललेला हात, त्यामागचा दचकलेला चेहरा, मागं घमेल्यांची रांग. काचेतून पाहतानाच त्याला कळलं होतं, हाच तो फोटो.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर चार स्तंभांत आला. संपादकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. दुपारपर्यंत फोटो अर्ध्या शहराच्या मोबाईलवर फिरला. ठिय्यावर सावलीसाठी शेड बांधून देऊ, असं एका पुढाऱ्यानं जाहीर केलं. घरी त्याची आई, अंजनाबाई, पेपर पुढ्यात घेऊन बसली होती. तिला वाचता थोडंच येई, पण पोरानं काढलेला फोटो ती नीट निरखून पाही.

"या माणसाले इचारलं होतं का गा?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर उभा होता तो, आई. इचाराचं काय त्यात?"

"हात आडवा करून राहिला ना तो. म्हून म्हटलं."

नागसेन हसला आणि आंघोळीला गेला.

आठवड्याभरानं कचेरीच्या शिपायानं सांगितलं, खाली एक बाई आल्या आहेत, त्या फोटोच्या माणसाच्या घरच्या. नागसेन जिना उतरला तो मनात वाक्यं जुळवतच. असे लोक अधूनमधून येत. कोणी रडे, कोणी नोटिशीची धमकी देई. खाली बाकड्याच्या कडेला एक बाई अंग चोरून बसली होती. सुती पातळ, पायात झिजलेल्या चपला. तिनं तोंड उघडायच्या आतच नागसेन सुरू झाला.

"हे पाहा बाई, तो रस्ता सार्वजनिक आहे. तिथं काढलेला फोटो छापाले कायद्यानं काही हरकत नाही. आम्ही काही वाईटसाईट लिहिलेलं नाही. तुमाले तक्रार कराची असंल तर रीतसर अर्ज द्या."

बाई ऐकून घेत राहिली. तो थांबला तेव्हा म्हणाली, "हो जी. कायदा तसाच असंल. मी भांडाले नाही आली, भाऊ. तो फोटो कोणत्या चौकात काढला, तेवढं सांगा. हे त्या दिवसापासून घरी नाही आले."

नागसेनला आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. तक्रार करायची तर रीतसर अर्ज द्या. ठाण्यातल्या बाकावर तो बसला होता त्या दिवशी साहेबानं अगदी हेच, याच सुरात सांगितलं होतं.

बाईचं नाव जिजाबाई निनावे. घर तांडापेठेत. नवरा बाबाराव, गांधीबागेतल्या साड्यांच्या ठोक दुकानात उमर घालवलेला मुनीम. दिवाळीनंतर मालकाच्या मुलानं सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेला आणि बाबारावांना घरी बसायला सांगितलं. हे तिला आता दुकानात जाऊन विचारल्यावर कळलं होतं. बाबाराव घरी बसलेच नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन, दुकानात जातो म्हणून निघायचे आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं तांडापेठेतलं कोणी भेटणार नाही, अशा ठिय्यावर जाऊन उभे राहायचे.

"मले काही समजलंच नाही पाहा," जिजाबाई म्हणाली. "हाताले घट्टे पडले होते. मी म्हटलं, गठ्ठे उचलाले लावत असतील. पेपर गल्लीतल्या पोट्ट्यानं आणून दाखवला. हे तवा जेवाले बसले होते. पोरगी म्हणे, बाबा, हे तुमी होय का? ताटावरून उठले अन् चप्पल घालून निघून गेले."

"फोन?"

"घरीच ठेवला."

माफी मागावी असं नागसेनच्या मनात आलं, पण थोबाडीत मारल्यासारखी कायद्याची वाक्यं फेकून झाल्यावर माफीचा शब्द कोणत्या तोंडानं काढायचा? तो एवढंच म्हणाला, "चला, मी दाखवतो."

प्रताप नगरच्या ठिय्यावर बाबाराव आले नव्हते. तिथून पुढं नागसेन एकटाच फिरला. जिजाबाईला त्यानं घरी सोडलं आणि सुटी टाकून शहरातले ठिय्ये पालथे घातले. दाखवायला त्याच्याजवळ होता तो तोच फोटो. मोबाईल पुढं केला की माणसं म्हणत, "अरे, हा तर पेपरातला!" सगळे ओळखत होते, पण तो कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एका ठिय्यावर एका गवंड्यानं फोटो पाहून नागसेनकडेही निरखून पाहिलं. "तूच काढला ना गा हा? मी होतो तिथं. तो नाही म्हणे तरी तू काढला." नागसेननं मान हलवली. गवंड्याचा आवाज चढलाही नव्हता, पण नागसेनला त्याच्याकडे पाहवेना. त्यानं मोबाईल खिशात घातला.

शेवटी पत्ता त्याच गवंड्यानं काढला. कोराडीकडं वीज केंद्राच्या राखेच्या विटा पाडतात अशा एका यार्डात एक नवा म्हातारा आला आहे, हिशेबी बोलतो, कोणाशी मिसळत नाही. नागसेन बसनं गेला. गाडी होती, पण गाडीवरून झोकात जाऊन उतरायला त्याचं मन घेईना. कॅमेरा त्यानं घरी ठेवला.

यार्डात सगळंच करड्या रंगाचं होतं. पत्र्याच्या शेडखाली बाबाराव विटा रचत होते. केसांत, भुवयांवर राख बसली होती, शर्ट मात्र तोच. त्यांनी नागसेनला पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"कॅमेरा आणला का?"

"नाही जी."

"मंग कायले आले?"

"जिजाबाई शोधून राहिल्या तुमाले. मी... मले माफ करा, काका. मले ठाऊक नव्हतं."

बाबाराव विटांच्या ढिगावर बसले. हातांची राख झटकली. मग म्हणाले, "फोटो चांगला होता. मी पाहिला ना. त्यात चोरासारखा नाही दिसत मी. कष्ट कराची लाज नव्हती मले, बापू. घरी सांगाची होती. रोज वाटे, आज सांगतो. पोरीची परीक्षा होऊ दे, मंग सांगतो. कसं सांगाचं तेबी ठरवलं होतं. ते माह्या तोंडानं सांगाचं होतं. तुमी सांगून टाकलं."

इतकी वर्षं नागसेन विचारत आला होता, रस्त्यावर फोटो काढायचा हक्क कोणाचा. बाबाराव म्हणाले ते त्याच्या कायद्याच्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

"तुमी नाही म्हटलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "मी ऐकलं होतं."

"हो," बाबाराव म्हणाले. "ऐकलं तर होतं तुमी."

त्या दिवशी ते सोबत आले नाहीत. नागसेननं जिजाबाईला फोन करून ठिकाण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आणि मुलगी कामिनी कोराडीला गेल्या आणि संध्याकाळी तिघंही घरी आले. काय बोलणं झालं ते नागसेनला कळलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. बाबारावांनी यार्डातलं काम सोडलं नाही. रोज बसनं जायचे, यायचे. गल्लीत काही दिवस पोट्टी त्यांना पेपरवाले बाबाराव म्हणायची, मग विसरली. कामिनीचा मात्र परीक्षेत एक विषय राहिला. ठिय्यावरची शेड काही झाली नाही.

नागसेनचं काम चालूच राहिलं. पोलिसांनी कोणाला अडवलं की अजूनही फोन यायचे आणि तो अजूनही जायचा. साहेबांशी पूर्वीसारखाच वाद घालायचा. पण रस्त्यावरच्या माणसासमोर कॅमेरा उचलला की बोट आखडायचं. पुष्कळदा तो आधी विचारी, आणि विचारलं की माणूस सावरून उभा राही, फोटो मरून जाई. संपादक म्हणाले, "काय गा, हात थंडावला का तुझा?" त्यानं हसून वेळ मारून नेली. आईला त्यानं बाबारावांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि "मी म्हटलं होतं ना" असं एकदाही म्हणाली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

पावसाळ्यानंतर छायाचित्रकारांच्या संघटनेनं प्रदर्शन ठरवलं. विषय होता मोकळ्या जागा आणि नागरिकांचे हक्क. दारातच मोठा करून लावायला त्यांना नागसेनचा ठिय्यावरचा फोटो हवा होता. नागसेननं उत्तर द्यायला वेळ मागितला आणि रविवारी तांडापेठेत गेला.

जिजाबाईनं चहा ठेवला. कामिनी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती, ती बाहेर आली नाही. बाबाराव खाटेवर होते. नागसेननं प्रदर्शनाचं सांगितलं आणि विचारलं, "लावू का, काका? तुमी म्हणाल तसं."

"आता इचारून राहिले?"

"हो जी."

बाबारावांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "नका लावू," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

नागसेननं चहा घेतला. निघताना त्यानं वाकून नमस्कार केला. बाबारावांनी हात जोडले, पण उठले नाहीत.

बाहेर आल्यावर त्यानं संघटनेच्या सचिवाला फोन केला आणि फोटो देत नाही म्हणून कळवलं. सचिव चिडला. "अरे, तूच तर आमाले शिकवलं ना? सार्वजनिक जागा, परवानगी लागत नाही! आता तूच काहून मागं हटून राहिला?"

नागसेन गाडीला टेकून उभा होता. कारण सांगायचं तर बाबारावांची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती एकदा पहिल्या पानावर सांगून झाली होती, त्यांना न विचारता.

"बस, नाही द्याचा," तो म्हणाला, आणि सचिवाच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.