काचवाले साहेब आणि दुसरा रंग

आमच्या काचवाल्या साहेबांइतका पुसापुशी करणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हॉटेलात चहा आला की ते खिशातून पांढऱ्या कापडाची घडी काढत, कपाची कड पुसत, मग बशी, मग समोरच्याला न विचारता त्याचा कप. बोलणाऱ्याचा चष्मा धुरकट दिसला तर तो त्याच्या नाकावरून उतरवूनच घेत. एका लग्नात त्यांनी ऐन अक्षतांच्या वेळी नवरीच्या बापाचा चष्मा पुसायला घेतला आणि त्या बिचाऱ्याला लेकीचं लग्न अंदाजानंच पाहावं लागलं. "धुळीचा येक कन बी उजेड अडवतो," असं ते त्यालाच वर समजावून सांगत होते.

ते खर्ड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. बायको वारलेली, मुलगी सुरतेला दिलेली. माणसाचं बोलणं आता तांब्याच्या तारेतून नाही, केसाएवढ्या काचेतून उजेड होऊन जातं, हे गावाला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून ते काचवाले साहेब झाले. वस्तीतली एक आजी तर कंदिलाची फुटलेली काच घेऊन एक्स्चेंजवर गेली. हे आपलं काम नव्हे, असं साहेब म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी जामखेडहून नवी काच आणली, पुसली आणि आजीच्या घरी नेऊन दिली.

जमिनीत काच पुरलेली असल्यामुळे रस्त्याकडेला कुणीही कुदळ उचलली की साहेबांना खबर लागे. पाइपलाइन असो की मांडवाची मेढ, सायकल दामटत ते तिथं हजर होत आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून राहत. तरीही खोदकामात काचेचे बरेचसे तंतू तुटलेच. जामखेडपासूनच्या सगळ्या गावांचं नगरशी बोलणं तंतूंच्या उरलेल्या एका जोडीवर आलं. नंबर फिरवावा आणि 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' हे त्या बाईचं गोड बोलणं ऐकावं, हा आमचा रोजचा उद्योग झाला. नवी केबल टाकायची तर पुन्हा खोदाई, पुन्हा परवानग्या. त्यात वर्षं जाणार होती.

साहेबांनी वेगळाच ध्यास घेतला. काच तीच ठेवायची, पण तिच्यातून दोन रंगांचे उजेड एकदम सोडायचे. दोन्ही टोकांना यंत्र बसवलं की ते रंग एकत्र जातात आणि पलीकडे वेगळे होतात. रंग डोळ्यांना दिसत नाहीत, हे मात्र ते शेवटी सांगत. मग माझे वडील विचारत की दिसत नाहीत तर दोन आहेत कशावरून. साहेब म्हणत, "त्यांचं त्यांना ठाव असतं." गावाला पटावं म्हणून त्यांनी पंगतीचा दाखला शोधून काढला होता. दोन रांगांमधली वाट एकच, पण भातवाला आणि बुंदीवाला दोघंही तिथूनच जातात की नाही? एका बारशाला ते पानावरून उठले आणि दोन वाढप्यांना एकाच वेळी त्या वाटेनं पळवून दाखवू लागले. बुंदी सरपंचांच्या आमटीत गेली. साहेबांनी शांतपणे जाहीर केलं, "जोड नीट बसला न्हाई, म्हनून सांडलं." मग अर्थातच त्यांनी सरपंचांना पुसायला घेतलं.

त्याच वर्षी मी बी.एड. होऊन घरात बसले होते. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच. वडिलांनी दुसऱ्यांच्या रानात राबून मला शिकवलं होतं. श्रीगोंद्याच्या एका शाळेनं मला घ्यायचं ठरवलं, दोन दिवस फोन लावला, लागला नाही म्हणून दुसरीला घेतलं. हे मला नंतर पत्रानं कळलं. आता नगरच्या शाळेत जागा होती. मुलाखतीनंतर तिथल्या कारकुनानं आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलचा नंबर लिहून घेतला आणि बजावलं की शनिवारी पाचपर्यंत फोन करू, सोमवारी रुजू व्हायचंय, फोन लागला नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावू. नगरला जाऊन तिथंच थांबावं, तर त्या आठवड्यात शनिवारपर्यंत एसटीचा संप.

त्याच शनिवारी साहेब आपलं यंत्र जोडत होते. संपाच्या आधीच ते नगरहून त्याची पेटी घेऊन आले होते, एसटीत खिडकीजवळ तिला बसवून स्वतः उभे राहून. दुपारी मी एक्स्चेंजवर गेले आणि म्हणाले, काका, कुणाचं तरी बोलणं तोडा आणि माझ्यापुरती एक लाइन मोकळी ठेवा. ते पुसायचे थांबले. त्यांना असं थांबलेलं मी प्रथमच पाहिलं.

"चालू बोलनं मी तोडनार न्हाई, पोरी. पलीकडं कोन कुनाला काय सांगतंय, आपल्याला काय ठाव?"

मी रडले. त्यांना नाही नाही ते बोलले. मेडिकलच्या बाकावर येऊन बसले आणि मनातल्या मनात त्यांच्या काचेचे तुकडे केले. पुढचं मला एक्स्चेंजवरच्या लाइनमननं सांगितलं. यंत्र जोडलं, पण नगरहून येणारा दुसरा उजेड फारच मंद होता. साहेबांनी आपल्याकडचे सगळे जोड पुसले आणि नगरच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "साहेब, पुसा." ते म्हणाले, पुसलंय. "परत पुसा." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ते भडकले, पण त्यांनी पुसलं, आणि उजेड आला.

पाचला दहा मिनिटं असताना मेडिकलचा फोन वाजला. सकाळपासून लावतोय, हा शेवटचाच प्रयत्न होता, असं तो कारकून म्हणाला. मी धावत एक्स्चेंजवर गेले आणि फोन लागला एवढंच कसंबसं बोलले. साहेबांनी विचारलं, "आवाज कसा हुता?" स्वच्छ होता म्हटल्यावर ते खाली बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांची ऋणी आहे, आणि हे त्यांना नीट कधीच सांगता आलं नाही.

अख्ख्या तालुक्याला लाइन देणाऱ्या या माणसाच्या खोलीत फोन नव्हता. अर्ज रांगेत होता आणि रांग मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे आमच्याकडे फोन आला, तेव्हा त्यांच्या मुलीचा फोन दर रविवारी आमच्याकडेच येई. ते उभ्यानं बोलत, दोन मिनिटांत आवरत आणि म्हणत, "ठिवतो गं, मागं मानसं हायत." मागं फक्त मी असायची, भाजी निवडत.

निवृत्तीनंतर ते सुरतेला गेले. तिकडून दिवाळीला मला फोन करत आणि तब्येत, शाळा, आवाज एवढं विचारून तेच वाक्य म्हणत. शेवटच्या दिवाळीला मी त्यांना अडवलंच. म्हटलं, काका, आता लाइनी भरपूर झाल्यात, मागं कुणी नसतं, बोला की निवांत.

ते म्हणाले, "आसतं गं कुनीतरी. त्या शनवारी तू न्हवतीस का?"

आणि त्यांनी फोन ठेवला.