वाढवलेली फीत

पांढुर्ण्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा तो माणूस कुठल्याही कामाला "होते ना" एवढंच म्हणायचा. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., पण मला स्क्रू पिळायचा पेचकस धरता येत नाही, हे तो मला दर भेटीत ऐकवायचा.

माझ्या आत्याला येणारं बाबासाहेबांवरचं लांबलचक गाणं आमच्या मोहगावात आता दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. ते टेप करायला बसलो की अर्ध्या तासात कॅसेटची बाजू संपायची. आत्या मधून उचलायची नाही, पुन्हा पहिल्यापासून धरायची. तिचा गळा बसत चालला होता.

"दोन कडवी गाळू," मी त्या रेडिओवाल्याला म्हटलं.

"गाणं काहून कापता, बी.ए. साहेब? मी फीत वाढवून राहिलो ना!"

दुसऱ्या कॅसेटची फीत ब्लेडनं कापून त्यानं आमच्या कॅसेटच्या फितीला चिकटवली. जोड दोनदा सुटला. तिसऱ्यांदा टिकला.

आत्या त्याच्या दुकानातच गायला बसली. अर्धा तास झाला तशी सवयीनं थांबली.

"सरली का रे बाबू?"

"नाही सरत, आत्याबाई. म्हणा तुम्ही."

हे बोलणंही कॅसेटमध्ये आलं आहे. त्याच्या मागोमाग आत्या तिथूनच उचलते आणि शेवटपर्यंत गाते.