उजव्या खांद्याचा भाव

विम्याचे कागद न वाचता मी बायकोच्या आत्याचा व्यायाम तीन आठवडे थांबवून ठेवला. ही चूक मी पूर्ण शुद्धीत केली. शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी केल्यामुळे कुठलाही छापील कागद आपल्याला नुसता हातात धरूनच कळतो, अशी माझी समजूत होती.

ही आत्या अंजूरची. मानकोलीपासून निजामपुऱ्यापर्यंत तिने भाव न विचारता घेतलेली एकच वस्तू म्हणजे मी, आणि तोही व्यवहार तिच्या भावाने परस्पर उरकला म्हणून. बाकी सुक्या कोळंबीचे सोडे असोत, साडी असो की रिक्षा, तीन ठिकाणी विचारल्याशिवाय ती पदराची गाठ सोडत नाही. एकदा दातांच्या डॉक्टरला तिने विचारलं, "दोन काढले तर तिसरा कितीला?" तिसरा तिचा दुखतही नव्हता. जावयाला अहोजाहो करायची रीत तर तिने माझ्या पहिल्या दिवाळसणालाच मोडीत काढली.

गावच्या लग्नांत धवले गाऊन विधी चालवणारी धवलारीण म्हणून मात्र तिचा मान मोठा. सख्ख्या नातीचं लग्न चार महिन्यांवर आलं आणि ती ओटीवरच्या नव्या गुळगुळीत लादीवर घसरली. उजव्या खांद्याचं हाड चिरलं. चार आठवडे हात झोळीत. झोळी काढताना डॉक्टरांनी बजावलं, "उद्यापासून फिजिओथेरपी सुरू करा, नाहीतर खांदा आखडेल." तिला घोर एकच, नवरदेवाला ओवाळायचं कसं. "डाव्या हाताने ओवाळा," मी सुचवलं. "मंग लगीनपन डाव्या पायानं लावा," ती म्हणाली.

तिच्या मुलाने घरादाराचा विमा काढला होता. मी म्हणालो, "आत्या, घाई कशाला? मंजुरी येऊ दे, सगळं फुकटात होईल." "फुकट कोन देतं रं?" तिने विचारलंही होतं. पण शिकलेला जावई म्हणतोय म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती भाव न विचारता गप्प बसली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हॉस्पिटलात भरती झालेल्यालाच फिजिओथेरपीचे पैसे मिळतात. आत्या एक रात्रही भरती नव्हती. हीच ओळ पॉलिसीच्या सहाव्या पानावर होती. ते पान मी स्वतः प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून घातलं होतं. तोवर हात छातीच्या वर जाईना.

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला रिक्षात कोंबून ती भाव काढायला निघाली. पहिलं ठिकाण हायवेजवळचं मोठं हॉस्पिटल. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "इन्शुरन्स की कॅश?"

"दोन्हीचा सांग."

"एका वेळेचे इन्शुरन्सवाल्यांना हजार, कॅशला सातशे."

"म्हंजे इमा दाखवला तर म्हाग?"

"आजी, ते कंपनी भरते ना."

"अन कंपनीला कोन भरतं? माझा पोऱ्याच ना?"

मागची रांग हसली. मुलगी कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसली. दुसरीकडे पाचशे सांगितले, पण दहा वेळांचे पैसे आधी. तिसरी जागा निजामपुऱ्यात, कापड विणणाऱ्या लूमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर, एका तरुण डॉक्टरबाईंची. तीनशे रुपये. खालच्या लूमांनी टेबल थरथरत होतं. आत्याने टेबलावर हात ठेवून विचारलं, "ह्या हलन्याचे येगले लावतंस का गो?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नहीं अम्मा, वो फ्री है."

तरी तिने लगेच होकार दिला नाही. सातशेवाल्याकडे एकदा आणि तीनशेवालीकडे एकदा गेली, आणि दोन्ही दिवशी घरच्या भिंतीवर खडूची रेघ मारून हात किती चढला ते बोटांनी मोजलं. सातशेवाल्याच्या मशीनने अर्धं बोट चढला. डॉक्टरबाईंनी असा पिळला की आत्याने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, पण दोन बोटं चढला. "भाव बोटाचा बगायचा," तिने निकाल दिला.

पुढचे दोन महिने, लूम बंद असतात तो शुक्रवार सोडून रोज. भिंतीवर बोटांनी चढायचं, दहा वेळा. कळ आली की ती दात आवळून धवला म्हणायची आणि खालचे लूम ताल धरायचे. आकडे मोजायचं काम माझ्याकडे. एकदा तिचं तोंड बघवेना म्हणून मी सातावरून थेट नवावर गेलो. ती थांबली. "आठ कुठं गेला? पयल्यापासून मोज."

लग्नात नवरदेव नेमका सहा फुटी निघाला. आत्याने उजव्या हातात ताट घेतलं, धवला उचलला आणि हात चढू लागला. ताट त्याच्या हनुवटीपर्यंत गेलं, नाकापर्यंत गेलं, आणि कपाळाला चार बोटं कमी असताना थांबलं. गाणं थांबलं नाही. पोराने शहाण्यासारखी मान वाकवली. मांडवाला वाटलं, काय संस्कारी जावई मिळाला! ती चार बोटं कोणाची, हे तिला ठाऊक होतं आणि मला. तीन आठवड्यांबद्दल ती मला कधी एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. केस विंचरताना तिचा हात तिथंच अडतो, आणि अंबाडा आता मानेवर जरा खालीच बसतो.

जेवणं झाल्यावर नवरदेवाचे मामा लंगडत माझ्याजवळ आले. मोबाइलवर पॉलिसीचा फोटो काढून म्हणाले, "साहेब, तुम्ही ऑफिसातले. गुडघ्याची फिजिओथेरपी यात बसते का, जरा बघता?" मी हात पुढे केला. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

"त्याला नको दाखवू रं. कोना वाचता येनाऱ्याकडं ने."