भिंगवाल्यांची सकाळची डुलकी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘भिंगवाले’ म्हणायचा. उजव्या डोळ्यात अडकवलेलं काळं भिंग काढायचं विसरून ते तसेच चहाला बाहेर यायचे, म्हणून. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्यांनी लोकांची घड्याळं उघडली, पुसली आणि चालू करून दिली. घुमे म्हणावं तर तसे नव्हते, पण हातातलं काम संपेपर्यंत समोरचं माणूस त्यांना ऐकू येत नसे. बायकोला याची सवय झाली आहे, असं ते धरून चालले होते. तिला कधी विचारलं मात्र नव्हतं.

ती गेली त्या सकाळी ते चपला घालत होते. ती म्हणाली, “अहो, बसा ना जरा दोन मिनिटं. एक सांगायचंय.” एका गिऱ्हाइकाला अकराचा वायदा केलेला. “आल्यावर सांग,” असं म्हणून ते निघाले. बाराच्या सुमाराला शेजारीण धापा टाकत दुकानात आली. गिऱ्हाइकाचं घड्याळ तेवढं वेळेवर गेलं होतं.

मग ती स्वप्नात यायला लागली. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. आणि हे काय बोलायचे तिच्याशी? दूध तापवलंस का, माझी छत्री कुठे गेली. जाग आली की कपाळावर हात मारून घ्यायचे. बाई समोर बसली होती आणि आपण छत्री विचारली! हे स्वप्न आहे एवढं तिथल्या तिथे कळलं असतं, तर एकच गोष्ट विचारायची होती त्यांना: त्या दिवशी काय सांगायचं होतं? याच्यापलीकडे त्यांना आयुष्याकडून काही नको होतं, आणि ते खोटं नव्हतं.

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकदा जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं की स्वप्न चालू असतानाच ते ओळखायला शिकता येतं, लोक शिकतात. झालं. भिंगवाल्यांनी फोनवर कुठेतरी वाचून पहाटे चारचा गजर लावायला सुरुवात केली. उठायचं, अर्धा तास जागं राहायचं, पुन्हा पडायचं. पुन्हा पडल्यावर झोप येते कुणाला? नवव्या दिवशी दुकानात त्यांचा हात थरथरला आणि एका बाईंच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात गोळा होऊन बसली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

लेकीने गजर बंद केला. “बाबा, झोप मोडून काही करायचं नाही. तुमचे हात गेले तर तुम्ही काय करणार दिवसभर?”

“मग तू सांग कसं करायचं ते.”

तिने नीट वाचून, दोन-चार जणांना विचारून पद्धत बसवली. रोज सात तास पुरी झोप. उठल्या उठल्या आठवेल ते स्वप्न वहीत लिहायचं. आणि गुरुवारी, दुकान बंद असतं तेव्हा, नेहमीसारखं उठून आंघोळ-नाश्ता उरकायचा आणि नऊ वाजता आरामखुर्चीत एक डुलकी काढायची. त्या डुलकीतलं स्वप्न म्हणे जागेपणाला अगदी खेटून असतं. शिवाय दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायचं, मी स्वप्नात तर नाही? विचारलं की घड्याळ पाहायचं, नजर वळवायची, पुन्हा पाहायचं. स्वप्नात वेळ भलतीच बदललेली दिसते, तीच खूण.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. दुकानात भिंतीवर सदतीस घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. त्यातली निम्मी बिघडली म्हणूनच आलेली. तरी ते निमूटपणे पाहायचे, वळायचे, पुन्हा पाहायचे.

पाचव्या गुरुवारी डुलकीत बायको आली. टेबलाशी मटार सोलत बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. त्यांनी नजर वळवली, पुन्हा पाहिलं. नऊ! काटे उलटे फिरत होते. खूण याहून ढळढळीत काय असायची? पण भिंगवाले म्हणाले, “अगं, हे बिघडलंय,” आणि स्टुलावर चढले.

“राहू द्या हो ते. बसा ना जरा.”

“हे एवढं झालं की आलोच.”

त्यांनी घड्याळ उतरवलं, उघडलं, दोषही सापडला. जाग आली तेव्हा बोटं चिमटा धरल्यासारखी जुळलेली होती.

हे ऐकून लेक खो खो हसली, आणि हसता हसता उठून मोरीत तोंड धुवायला गेली. भिंगवाले वहीकडे बघत बसले. मेलेल्या बायकोलाही आपण थांबायला लावलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

लेकीने घड्याळाची खूण रद्द केली. नवी खूण नाकाची. नाक घट्ट धरायचं आणि श्वास घेऊन पाहायचा. तोंड मिटलेलं असूनही श्वास आला तर समजावं, स्वप्न आहे. तेव्हापासून भिंगवाले भिंग लावण्याआधी दर वेळी नाक धरू लागले. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, “काय हो, आमच्या दुकानाचा वास येतो की काय?” ते हसले आणि त्यांनी भिंग डोळ्यात अडकवलं.

दोन महिने गेले. झोप चांगली, हात स्थिर, वही अर्धी भरली. आणि एका गुरुवारी तेच टेबल, तेच मटार. हात आपसूक नाकाकडे गेला. नाक धरलं. श्वास आला.

या वेळी ते घाई न करता, स्वप्न मोडू नये म्हणून लेकीने शिकवल्याप्रमाणे तळहात एकमेकांवर चोळत तिच्यासमोर बसले. ती कमालीची स्पष्ट दिसत होती, कानामागचा पांढरा केससुद्धा.

“बसलो बघ,” ते म्हणाले. “सांग. त्या दिवशी काय सांगायचं होतं?”

तिने मान वर केली. आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की हे स्वप्न आपलं आहे. टेबल आपलं, मटार आपले, आणि समोरची हीसुद्धा आपणच बसवलेली. आपल्याला जे ठाऊक नाही ते हिला कुठून ठाऊक असणार? तरीही ते थांबले. तिचे ओठ हलले.

“छत्री दारामागे आहे,” ती म्हणाली.

छत्री दारामागे होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

डोळे उघडले तेव्हा लेक समोर उभी. “भेटली आई?”

“भेटली.”

“काय म्हणाली?”

“बसा म्हणाली. बसलो मी.”

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला फार बरं वाटलं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतरही बायको स्वप्नात येत राहिली, पण आता ती दिसली रे दिसली की हात नाकाकडे जायचा. सवय पक्की झाली होती, ती काही केल्या सुटेना. पूर्वी ते दूध आणि छत्री बोलायचे, तेव्हा निदान तेवढा वेळ ती जिवंत असायची. आता श्वास आला की ती गेलेली असायची, समोर बसून मटार सोलत असली तरी.

पुढच्या महिन्यात एका सकाळी लेक डबा भरत होती. भिंगवाले नाश्त्याची बशी तशीच ठेवून खुर्चीत बसले होते.

“एक विचारू का गं?”

“विचारा ना. पण पटकन, मला उशीर होतोय.”

“स्वप्न आहे हे न कळायची काही पद्धत असते का?”

लेकीने डब्याचं झाकण लावलं, पर्स खाली ठेवली, आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून ती बसली.