शेंगांचे फोटो आणि सेक्रेटरीचा अर्ज

अख्ख्या लालबागमध्ये शेंगांचे फोटो माझ्यासारखे कुणी काढत नाही. दुसरं कुणी काढतच नाही, ती गोष्ट वेगळी! आमच्या चाळीतल्या शिरीषाखाली शेंगांचा जेवढा खच, तेवढेच किस्से. झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच.

*

पाध्येबाई मूळच्या दादरच्या, आता आमच्याच चाळीत. कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर. मी सातवी नापास. पहिल्याच भेटीत माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, "शेजारी पट्टी ठेवा. माप कळायला नको?"

मी कॅरमचा स्ट्रायकर ठेवला. बाईंनी गंभीरपणे झाडाच्या नोंदवहीत लिहिलं, "लांबी : पाच स्ट्रायकर."

*

फोटोत चमक यावी म्हणून मी शेंगांना गुपचूप खोबरेल चोळायचो. बाई महिनाभर लिहीत होत्या, "पृष्ठभाग तकतकीत." एक दिवस त्यांनी शेंग नाकाशी नेली.

"आप्पा, हिला अभ्यंगस्नान कुणी घातलं?"

*

सेक्रेटरी सावंताला झाडाच्या जागी पार्किंग हवं. माघात शिरीष सगळी पानं टाकतो, तो मोका साधून त्याने पालिकेत अर्ज ठोकला : झाड मेलंय, पाडा.

मी वर्षभराचे फोटो नोटीस बोर्डावर लावले. पालवी, फुलं, हिरवी शेंग, वाळकी शेंग. त्याने फाडले. मी पुन्हा लावले. त्याने बोर्डाला कुलूप घातलं. मी त्याच्या गाडीच्या काचेवर चिकटवले. पार्किंग हवं ना? घे!

*

मग सोसायटीची मीटिंग. सावंत भाषण ठोकतोय, मी टेबल लॅम्पखाली कांचनाच्या झाडाची वाळकी शेंग ठेवून फोटो काढतोय. उष्णतेने शेंग कडकन फुटली, बी थेट सावंताच्या चष्म्यावर!

"आप्पानू, माझ्यार हल्लो केलास!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हल्ला नव्हे. बीजप्रसार."

*

शेवटी पालिकेचे साहेब आले. सोबत करवतवाले. मी खोडाला मिठी मारली. "आधी मला कापा!"

"आजोबा, बाजूला व्हा." साहेबांनी वर पाहिलं. "एक पान नाही, सगळं वाळलेलं, वाऱ्यावर नुसता शेंगांचा खुळखुळाट. याला काय जिवंत म्हणायचं?"

पाध्येबाईंनी छत्रीचं टोक माझ्यावर रोखलं.

"साहेब, यांच्या डोक्यावर एक केस नाही, अंग वाळलेलं, दिवसभर नुसता खुळखुळाट. यांना म्हणालात का मेलेलं?"