गुलाबी पिलं आणि लिंबावरची घार

जाफराबाद तालुक्यातल्या त्या छोट्या गावात चांगुणाबाईचं सगळ्यांशी पटायचं. वैर होतं ते फक्त एका घारीशी. तांबड्या कोंबडीनं अकरा पिलं काढली आणि आठवड्याभरात घारीनं त्यातली चार उचलली. उरलेल्या सातांतलं एकही देणार न्हाई, असं बाईनं परसात उभं राहून आभाळाला मोठ्यानं बजावलं.

आधी तिनं बुजगावणं उभं केलं. सदरा नवऱ्याचा, टोपीही नवऱ्याची. घार आली ती थेट टोपीवरच बसली.

शेजारचा कडूबा कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, दादाला सवयच हाय कुनाला तरी डोक्यावर बसवून घ्यायची!"

"तू गप रे! तुझ्या डोक्यावर तर केस बी बसंनात!"

मग बाईला पोळ्याचा गुलाबी रंग आठवला. बैलांच्या अंगावर ठसे उमटवून वाटीभर उरला होता. घारीला पिवळं पिल्लू ठाऊक; गुलाबी पिल्लू तिच्या बापानं तरी पाहिलंय का? सून वंदना हसत एकेक पिल्लू धरी, बाई डोळे-चोच सांभाळून रंग चोळी. उन्हात सुकल्यावर परसात सात गुलाबी गोळे टणाटण उड्या मारू लागले.

उड्या मारत ते आईकडे धावले, आणि तांबडीनं पहिल्याच्या डोक्यात टोच हाणली. दुसऱ्यालाही हाकललं.

वंदना पोट धरून हसली. "आत्या, आईच वळखंना की! आता कोंबडी बी रंगवा!"

तेवढ्यात अंगणावरून सावली सरकली. पंखाखाली घेणारं कुणी नाही, पिलं सैरावैरा. चांगुणाबाईनं डोक्यावर सूप धरलं आणि "हाड! हाड!" करत, गरागरा फिरत, वाकून एकेक पिल्लू पदरात टाकलं. घार झेपावली, सुपाला घासून वर गेली. पदरात सात. बाईच्या अंबाड्याचं मात्र काही खरं नव्हतं.

"जल्दी डालगं आन, वंदे! अंधारात कुठला रंग दिसतोय? आवाज तर तोच हाय ना!"

टोपलीसारख्या मोठ्या डालग्याखाली कोंबडी आणि पिलं कोंडली, वरून गोधडी टाकली. बाई कान लावून बसली. आतून चिवचिव आली, मग एक टोच. बाईनं कान आणखी जवळ नेला. बऱ्याच वेळानं तांबडीचा तो घोगरा, लाडाचा कुटकुटाट आला. चिवचिव थांबली.

"घेतलं गं! पोटाशी घेतलं!" बाईनं सुनेला अशी मिठी मारली की वंदनाचं लुगडंही गुलाबी झालं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर डालगं उचललं. घार लिंबावर मान वाकडी करून बसलेलीच होती. तांबडीनं इशारा देताच सातही गोळे तिच्या पंखांत घुसले. एकाचं गुलाबी ढुंगण तेवढं बाहेर राहिलं. घारीनं दोन घिरट्या घातल्या, कदाचित नीट बघून घेतलं, आणि ओढ्याकडे निघून गेली.

"ये पुन्हा!" चांगुणाबाई टाचा उंचावून ओरडली. "पुढच्या बारीला हिरवी दाखवते!"