गुन्वोरबाईंचं मेण

गुन्वोरबाई एकाहत्तर वर्षांच्या, आणि त्यातली अडुसष्ट वर्षं पायांत स्की. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना बर्फावर त्यांनीच उभं केलं, आणि शिकवताना शिव्या घालायच्या त्यातून कुणालाच वगळलं नाही. "गुडघे वाकव की जरा! पाय आहेत का खुंट्या?" हे ऐकत वाढलेली पोरं आता आजोबा झालीत.

पण गेल्या शरदात बाई दारातल्या पायरीवर घसरल्या, आणि मुलगी सोल्वी हट्टाला पेटली. "आई, या ईस्टरला डोंगरावरच्या केबिनपर्यंत स्कीवर ये. वाटेत एकदाही पडली नाहीस, तर पुढंही खुशाल एकटी जा. पण पडलीस, तर केबिनची किल्ली माझ्याकडे."

बाई "बरं" म्हणाल्या खऱ्या. पण नवरा गेल्यापासून दर हिवाळ्यात तीन आठवडे त्या केबिनमध्ये एकट्याच राहायच्या. ती गेली तर हिवाळ्यात उरलं काय? दारातला बर्फ उपसणं!

ठरल्या दिवशी सोल्वी सामानाची घसरगाडी ओढत पुढं गेली, चूल पेटवायला. मागं ठेवला आपला नवा नवरा, येप्पे. "आईला सोबत," म्हणे. येप्पे डेन्मार्कचा, सगळा सपाट मुलूख. तिथं गाय उभी राहिली की तीच सगळ्यात उंच! जन्मात स्की न बघितलेला माणूस आणि सोबत? बाईंनी तेव्हाच ओळखलं. "सोबत कसली, हेर आहे मेला!"

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याच्या स्कीला घरच्यानं मेण लावायचं. स्कीच्या दोन्ही टोकांना घसरायचं मेण, आणि मध्ये पायाखाली पकडीचं. ही पकड नसली की चढावर माणूस एक पाऊल पुढं, दोन मागं. बाईंनी येप्पेची स्की मांडीवर घेतली आणि गुणगुणत पायाखालीही घसरायचंच मेण चोपडलं. हेर मागं राहिला की बघणार कोण?

सपाटीवर गडी बरा चालला. पहिल्या चढावर मात्र सरकला, तो थेट मागच्या झुडपात.

"जावईबापू, पायांकडं काय बघताय, पळून नाही जात ते! समोर बघा!" बाई वरून ओरडल्या. "आणि काठ्यांवर लोंबकळू नका, त्या कपडे वाळत घालायला नाहीत! पडायचं तर बाजूला, बुडावर!"

येप्पे भारी आज्ञाधारक. बाजूला, बुडावर पडला. घामानं निथळत होता बिचारा.

"दोन स्वेटर कुणी घालायला सांगितले? निघताना जरा हुडहुडी भरली पाहिजे, म्हटलं नव्हतं?"

असं बोलत बाई चढाच्या माथ्यावर पोचल्या. चालत्या स्कीवर मागं वळून बघायचं नाही, हे त्यांनीच साऱ्या खोऱ्याला बजावलेलं. पण येप्पे सातव्यांदा घसरत होता आणि मजा बघायचा मोह काही आवरेना. त्या वळल्या. स्कीचं टोक झुडपाखाली घुसलं आणि बाई धाडकन उताण्या! पाय असा अडकला की हलवता येईना.

"येप्पे! अरे येप्पे, धाव!"

"आलो, आलो!" म्हणत तो दोन पावलं आला आणि पाच मागं गेला. स्की काढून बघितल्या, तर कंबरेपर्यंत बर्फात रुतला. वर पडल्या पडल्या बाईंना रडू यायचं बाकी होतं. आपल्याच हातचं मेण ते!

"स्की घाल परत! टोकं बाहेर, टाचा आत! आतल्या कडेवर जोर दे! मागं माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटू दे!"

आणि काय सांगू, गडी चढला! नक्षी वेडीवाकडी, पण चढला. बाईंचा पाय सोडवला, काखेत हात घालून त्यांना उभं केलं, पाठीवरचा बर्फ झटकला. मग स्वतःच्या स्कीला चिकटलेला बर्फ काढायला ती उलटी केली. पायाखालच्या मेणावर बोट फिरवलं, मग टोकाच्या. दोन्ही सारखीच गुळगुळीत. वास घेतला. बाईंकडं बघितलं.

बाई एकदम आभाळ न्याहाळायला लागल्या. मग खिशातलं संत्रं काढलं, सोललं, आणि अख्खं त्याच्या हातात दिलं.

केबिनच्या दारात सोल्वी कमरेवर हात ठेवून उभी. "येप्पे, खरं सांग. आई पडली?"

बाई खाली वाकून स्कीचे पट्टे सोडायला लागल्या.

"मला काय माहीत?" येप्पे म्हणाला. "मी एकोणीस वेळा पडलो. उरलेला वेळ उठण्यात गेला. बघायला सवड कुठं होती?"

सोल्वीनं त्याच्याकडं बघितलं, आईच्या ओल्या टोपीकडं बघितलं, आणि किल्ली आईच्या हातात दिली. बाईंनी ती मुठीत गच्च धरली.

जेवताना येप्पे हळूच त्यांच्याकडं झुकला. "सासूबाई, उद्या तुमच्या स्कीला मेण मी लावणार."

बाईंना ठसका लागला. "तू? तू कशाला?"

"घरच्यानंच लावायचं असतं ना?" तो म्हणाला. "मग मी घरचाच की आता."